सत्तर हजार वर्षं मुरलेली शांतता

भोंग्यातून शांतता बाहेर पडली. साधीसुधी नव्हे, सत्तर हजार वर्षं मुरलेली, बरणीतल्या लोणच्यासारखी. डॉ. कांचन डोईफोडे हिने ती डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत ऐकली आणि मग हातातली पेन्सिल टेबलावर फेकली. पेन्सिल घरंगळत जाऊन खाली पडली. तेवढाच काय तो आवाज.

"काहीच नाही," कांचन म्हणाली.

"मागच्या खेपेपेक्षा स्वच्छ आहे पण," अलमाझ म्हणाली.

"शून्य आणखी घासलं की काय मिळतं, अलमाझ?"

"स्वच्छ शून्य, ताई."

अलमाझ इथिओपियाची, काचेच्या भौतिकशास्त्रातली मोठी नावाजलेली बाई. सहा वर्षं पुण्यात शिकायला काढल्यामुळे तिचं मराठी आणि तिचं नाही म्हणणं, दोन्ही अस्खलित होतं. प्रयोगशाळाही तिच्याच देशात, एका काळ्या डोंगराच्या खांद्यावर होती. डोंगर दगडाचा म्हणायचा, पण होता काचेचा. चिक्कीचा पाक ताटलीत ओतून गार केला की त्याची कशी पारदर्शक, कडक वडी होते, तसंच इथं झालं होतं. लाव्हा बाहेर आला, घाईघाईने थंड झाला आणि स्फटिक व्हायला त्याला सवडच मिळाली नाही. जग या काचेला ऑब्सिडियन म्हणतं. प्रयोगशाळेत तिला ज्वालाकाच म्हणत. तिची धार शल्यविशारदाच्या पात्यापेक्षा बारीक. या डोंगरावर नुसत्या वाऱ्यानेसुद्धा दाढी होते, असं नाबरसर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि आपली गुळगुळीत हनुवटी पुरावा म्हणून दाखवत.

ही धार माणसाला फार पूर्वीच कळली होती. डोंगराच्या पायथ्याशी, राखेच्या थराखाली, एक अख्खा कारखाना गाडला गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथं येऊन काचेचे गोळे फोडत होते, भाल्यांची टोकं आणि सुऱ्या घडवत होते, आणि उडालेल्या कपच्या तिथंच टाकून जात होते. ढीगच्या ढीग. प्राध्यापक दत्तप्रसाद नाबर यांनी तो कारखाना शोधून काढला तेव्हा त्यांचे केस काळे होते, आणि कांचन ही त्यांची सगळ्यात हट्टी विद्यार्थिनी होती. आता सर ऐंशीला टेकले होते. कांचनचा हट्ट होता तिथंच होता.

दारावर टकटक झाली. राजधानी अदिस अबाबाहून आलेले कानांचे डॉक्टर गिर्मा आत आले. सकाळभर ते बाहेरच्या मांडवात सरांचे कान तपासत होते.

"आतला मज्जातंतूच सुकत चालला आहे," ते म्हणाले. "यंत्र बसवून उपयोग नाही. यंत्र आवाजाला दारापर्यंत आणून सोडेल, पण दार उघडायला घरात कुणी हवं ना? बारीक, टोकदार आवाज आधी जातात. मग जाडे, भारदस्त. वर्ष संपेपर्यंत सगळंच संपेल. त्यांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, 'तोवर एक गोष्ट ऐकायची आहे, ती ऐकली की खुशाल जा म्हणावं.' काय ऐकायचंय त्यांना?"

"सत्तर हजार वर्षांपूर्वीचा माणूस," कांचन म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता हिचंही काहीतरी तपासावं लागणार.

अलमाझने तबकातली एक कपची उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. काळ्या काचेवर तळ्यातल्या तरंगांसारख्या बारीक रेषा चमकल्या.

"या तडलहरी," ती म्हणाली. "दगडाचा घाव बसला की काचेतून तड, म्हणजे चीर, धावत सुटते. त्या क्षणी आसपास जो नाद असेल, तो काचेलाही थरथरवतो. तड धावता धावता डगमगते आणि ती डगमग तिथंच गोठते. आमची किरणलेखणी, म्हणजे ही उजेडाची सुई, त्या रेषा वाचते."

"म्हणजे ही गाण्याची तबकडी झाली."

"तबकडीच, पण भारी कद्रू. चुटकी वाजायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या हजाराव्या भागात तड कपचीच्या पलीकडे निघून जाते. एका कपचीत आवाजाचा एक कणच सापडतो. पुरता 'अ' सुद्धा नाही."

"मग त्यातून माणूस कसा ऐकू येणार?"

"असं समजा," कांचनने सूत्र हातात घेतलं, "तुमच्या गल्लीतून रोज एक बँडवाला तीच धून वाजवत जातो. तुम्ही रोज दार उघडता, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. आज तुम्हाला एक कण मिळाला, उद्या त्याच्या किंचित पुढचा, परवा किंचित मागचा. असे हजारो दिवस दार उघडलंत आणि ते कण ओळीने लावलेत, की अख्खी धून तयार. आमच्याकडे दारं पुष्कळ आहेत. ढीग पडलेत."

"आणि बँडवाल्याने रोज वेगळी धून वाजवली तर?"

"तर सगळ्याचं पिठलं होणार. म्हणून अट एकच. दर घावाला तोच आवाज निघायला हवा, तरच तो वर येतो. बाकी गप्पा, कुत्री, पोरं, सगळं एकमेकांत विरून जातं." कांचनचा आवाज चढला. "आणि घाव घालणारा माणूस गप्प बसतच नाही हो. धोबी कपडा आपटताना 'स्सू' करतो. लाकूड फोडणारा 'हं' करतो. या लोकांनी काहीतरी म्हटलं असणारच. सरांना वाटतं गाणं असेल. मी म्हणते, नुसता हुंकार असला तरी चालेल."

"कपच्या जुन्याच आहेत कशावरून?"

"ताजी तड हवेतलं पाणी पिते," अलमाझ म्हणाली. "काचेवर पाण्याची साल चढत जाते. साल जितकी जाड, तितकी कपची जुनी. साल रेषा पुसत नाही, उलट जपते."

"आणि मिळालं काय?"

कांचनने भोंग्याकडे बोट दाखवलं. भोंगा गप्प होता.

"यंत्राचा काही दोष?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टरच ते, दोष शोधणारच.

"एक खोड आहे," अलमाझ म्हणाली. "जुळणी झाली की दर वेळी एक बारीक टोक वर येतं. लेखणी टेकताना झटका देत असणार. यंत्र बसवलं त्या पहिल्याच आठवड्यात सापडली ती, वर्षं झाली त्याला. तिच्यासाठी मी नादचाळण लावली आहे. झटका खाली गळून जातो, बाकीचं पुढे येतं."

"खोड यंत्राचीच कशावरून?"

"सत्तर हजार वर्षांच्या कपच्यांतही ती आहे, आणि कांचनताईंनी मंगळवारी फोडलेल्या कपच्यांतही आहे. जे सगळीकडे सारखं, ते यंत्राचं. विषय संपला."

पुण्यात शिकलेल्या बाईने विषय संपवला की तो पुन्हा उघडायची कुणाची छाती होत नाही. डॉक्टर चहा घेऊन गेले.

उन्हं कलल्यावर कांचन मांडवात गेली. सर कॅनव्हासच्या खुर्चीत, मांडीवर जाड कातडं पसरून बसले होते. जुन्या कपच्यांशी ताडून पाहायला नव्या लागत, आणि नव्या फोडायचं काम कांचनकडे होतं. सर शिकवत. हे शिकवणं गेली तीस वर्षं चालू होतं, आणि दोघांपैकी एकालाही त्यात यश आलेलं नव्हतं.

"काही आलं का?" सरांनी विचारलं.

"उद्या येईल, सर."

"अं?"

"उद्या येईल," ती ओरडली.

"उद्या जरा मोठ्याने ये म्हणावं." सर स्वतःच हसले. मग समोरच्या बाभळीकडे बघत म्हणाले, "अगं, या झाडावरची पाखरं गेली, पाहिलंस? मला वाटलं ऋतू बदलला, निघून गेली असतील. अलमाझ म्हणते इथंच आहेत, आणि सकाळपासून नुसता उच्छाद मांडलाय त्यांनी."

झाडावर खरोखरच उच्छाद चालला होता. कांचनने मान खाली घालून काचेचा गोळा मांडीवर घेतला. उजव्या हातात गोटा धरला.

"घाई नको. दगडाला विचार, बाबा तुला कुठे फुटायचंय. तू त्यालाच सांगत बसतेस. कोन बघ. कोन."

तिने कोन पाहिला. हात उचलला. हात खाली यायला लागला.

"च्च्," सर म्हणाले.

घाव बसला. कपची अर्ध्यावरच तुटून, पायरीसारखी थबकून पडली.

"सर, घाव बसायच्या आधीच हळहळता तुम्ही. मग चुकणार नाही तर काय होणार?"

"घाव बसायच्या आधीच चुकलेला असतो तो. हात खाली यायला लागला की दिसतंच. नंतर हळहळून काय फायदा?"

"मी बाविसाव्या वर्षापासून ऐकतेय ते च्च्."

"आणि बाविसाव्या वर्षी फोडायचीस तसंच फोडतेस."

दुसरा घाव. च्च्. तिसरा. च्च्. कांचनच्या डोक्यात एक शीर उडायला लागली. आत यंत्र गप्प, बाहेर पाखरं मोकाट, आणि ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो प्रत्येक घावाला जीभ टाळूवर आपटून तिची किंमत करतोय. चौथा घाव तिने कोन न बघताच रागाने घातला. काचेने आपला राग लगेच परत केला. तर्जनीतून रक्ताची धार लागली.

"च्च्," सर म्हणाले, पण हे वेगळं होतं, आणि त्यांनी खिशातला रुमाल काढला. "जा, पट्टी बांधून घे. उरलेल्या मी फोडतो."

ती आत गेली. सर मांडवात एकटेच बसले आणि गोळ्यावरून एकामागून एक लांब, सरळ, पानासारख्या पातळ कपच्या उतरवत राहिले. लहान मुलं शेंगा सोलतात तशा.

दुसऱ्या दिवशी अलमाझ जवळजवळ नाचतच आली. "ताई, यंत्र बरं झालं. खोड गेली. कालच्या कपच्या चाळण न लावता वाचल्या, तरी झटका नाही. एकदम निर्मळ."

"आणि जुन्या?"

"लावतेच आता."

तासाभराने ती परत आली, पण नाचत नव्हती. जुन्या कपच्यांत खोड होती तशीच होती. मग तिने कांचनच्या मंगळवारच्या कपच्या घातल्या. त्यांतही होती. कालच्या पुन्हा घातल्या. नव्हती. अलमाझने किरणलेखणी खोलली, पुसली, जोडली, पुन्हा खोलली. दुपारपर्यंत प्रयोगशाळेत घड्याळजीचं दुकान मांडल्यासारखं झालं, आणि प्रत्येक स्क्रू निर्दोष निघाला.

"या यंत्राला माणसं ओळखता येतात की काय?" अलमाझ वैतागून म्हणाली. "कालच्या कपच्यांना असा काय मान, की त्यांना झटका देत नाही?"

"माझ्या चार मांडवातच राहिल्या. कालच्या सगळ्या सरांच्या होत्या," कांचन पट्टी बांधलेलं बोट कुरवाळत म्हणाली. "माझं बोट कापलं म्हणून..."

ती तिथंच थांबली.

"काच तीच," ती सावकाश म्हणाली. "गोटा तोच, मांडव तोच. माझ्या कपच्यांत झटका आहे, सरांच्या कपच्यांत नाही. मी फोडते तेव्हा सर शेजारी असतात. सर फोडत होते तेव्हा शेजारी कुणी नव्हतं."

"मग?"

"दर घावाला, घाव बसता बसता, न चुकता येणारा एकच आवाज. अलमाझ, तो झटका कधी ऐकलास तू?"

"झटका काय ऐकायचा? तो दिसतो की पडद्यावर. बारीक टोक."

"ऐकव."

अलमाझने मंगळवारच्या कपच्यांवरची चाळण काढली. भोंगा खरखरला आणि त्यातून नाबरसर, स्पष्ट, नेहमीच्या तिरस्कारासकट, म्हणाले: च्च्.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यानंतर जे करायचं ते दोघींनाही एकाच वेळी सुचलं होतं आणि दोघींनाही त्याची भीती वाटत होती. कांचनने आधी जुन्या कपच्यांची दोन तबकं केली. एकात लांब, सरळ, पातळ. दुसऱ्यात थबकलेल्या, पायऱ्या पडलेल्या, बोटं कापणाऱ्या. तिच्या स्वतःच्या कपच्यांच्या सख्ख्या बहिणी. पहिलं तबक यंत्रात गेलं. शांतता, लोणच्यासारखी. उस्ताद मंडळी कामाच्या वेळी गप्प बसत होती तर. मग दुसरं तबक गेलं.

च्च्.

थोडं जाडं, थोडं ओलं, जीभ जरा मागे ओढून केलेलं. पण अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागत नव्हतं.

अलमाझ खुर्चीत बसली. "पहिल्या आठवड्यात," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात तो आपल्या हातात होता, ताई. आणि मी चाळण लावून त्याला सगळी वर्षं कचऱ्यात टाकत होते."

"आपण दोघी टाकत होतो. जे सगळीकडे सारखं, ते यंत्राचं." कांचनला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने ते काम पुढे ढकललं. "एकाच ढिगातल्या कपच्यांचे थर लावून बघ. खालच्या थरापासून वर."

एका गोळ्याच्या वाया गेलेल्या कपच्या, त्यानंतरच्या गोळ्याच्या, त्यानंतरच्या. खालच्या थरांत च्च् ठणठणीत होतं. वर वर येताना ते विरळ होत गेलं, कपच्या सरळ होत गेल्या. सगळ्यात वरचा गोळा सुबक फुटलेला होता आणि अगदी निःशब्द होता.

कांचनने श्रवणक उचलले आणि ती मांडवाकडे धावली. काचेच्या डोंगरावर धावू नये, हा तिथला पहिला नियम. तिने तो मोडला.

सर डुलकी घेत होते. तिने त्यांच्या कानांवर श्रवणक चढवले. ते जागे झाले, तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता ताठ बसले. त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवरच्या कातड्यावर ठेवले, पूजेला बसल्यासारखे.

तिने कळ दाबली.

"लाव," सर म्हणाले.

"लावलंय, सर."

"अं? लाव की."

तिने आवाज वाढवला. इतका वाढवला, की श्रवणकातून बाहेर गळलेलं च्च् तिला स्वतःला ऐकू आलं आणि बाभळीवरची पाखरं चूप झाली. पुन्हा. पुन्हा. सर तसेच बसून होते, डोळे मिटून, चेहऱ्यावर नुसती वाट पाहणं.

बारीक, टोकदार आवाज आधी जातात.

कांचनने कळ सोडली. सत्तर हजार वर्षं राखेखाली टिकलेला आवाज शेवटच्या वितीवर येऊन अडला होता, आणि अडला होता तो त्या सगळ्या वर्षांमुळे, ज्यांत तो चाळणीखाली पडत राहिला. मागच्या पावसाळ्यात सरांना पाखरं ऐकू येत होती.

सरांनी डोळे उघडले. श्रवणक काढून नीट तिच्या हातात दिले. "शांतताच आहे अजून," ते म्हणाले. मग तिच्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "का फक्त मलाच?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"असं," सर म्हणाले. मग मांडीवरच्या कातड्यावरचा चुरा झटकत म्हणाले, "असू दे. तू ऐकलंस ना? मग झालं. गाणं होतं का?"

तिला सांगता येईना. सांगायचं तरी काय? त्याला शब्द नव्हता. तोंडाने करून दाखवावं, तर सरांना ते ऐकू येणार नव्हतं. वैतागाच्या भरात तिने शेजारी पडलेला काचेचा गोळा मांडीवर ओढला, पट्टी बांधलेल्या हातात गोटा धरला, कोन साफ चुकवला आणि हात उचलला. हात खाली यायला लागला.

"च्च्," सर म्हणाले.

कांचनने हात हवेतच थांबवला. गोटा खाली ठेवला. आणि सरांच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

सर बघत राहिले. मग त्यांनी सावकाश आपली दोन बोटं ओठांवर ठेवली आणि पुन्हा ते केलं. ऐकू येत नव्हतं, पण जीभ टाळूला चिकटून सुटलेली कळत होती. च्च्. त्यांनी खालच्या खड्ड्याकडे पाहिलं, राखेच्या थरांकडे, कपच्यांच्या ढिगाकडे.

"हे?"

"हेच, सर," ती ओरडली. "दर घावाला."

"म्हणजे त्याच्याही शेजारी कुणीतरी बसलं होतं."

"हो."

"आणि ते बेणंही कोन चुकवत होतं."

"शेवटपर्यंत नाही. वरच्या थरात आवाज बंद होतो."

"बंद? म्हातारा मेला?"

"नाही, सर. कपच्या सरळ येतात. शिकला तो."

सरांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते त्या उन्हात तिला नीट दिसेना. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या मांडीवरचा गोळा दोन बोटांनी किंचित फिरवून दिला.

"चला, एक तरी शिकला," ते म्हणाले. "आता तू. कोन बघ."